भरपगारी सुट्टी
उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम करणारी ती, पार्सलं बांधणारी ती आणि फोनवरचा ऑफिसचा भारदस्त आवाजही तिचाच. एकटीचा कारभार दिसला की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं, म्हणून ती कायम 'आमच्या कारागीर बाई' म्हणायची. आज ताप होता, सुई हातात ठरत नव्हती, तेवढ्यात फोन आला. "अभ्रे झाले का?" "आमच्या कारागीर बाईंना ताप आहे, पण आजच करून घेतो त्यांच्याकडून." गिऱ्हाईक बाई चिडल्या. "तापात कामाला जुंपलंय? कसल्या मालकीण हो तुम्ही? आधी सुट्टी द्या त्यांना. अभ्र्यांवाचून माझं काही अडत नाही." तिनं भिंतीला पाठ टेकवली. "दिली," ती म्हणाली. "भरपगारी ना?" "हो." मालकिणीनं फोन ठेवला, अभ्रा बाजूला सारला, कारागीर बाईच्या बोटातलं अंगुस्तान काढलं आणि तिला आत नेऊन झोपवलं.