नको तो आवाज

रेकॉर्ड फिरायला लागली तशी बाबांनी आईच्या पाठीशी आणखी एक उशी लावली आणि उठून खिडकी बंद केली. शेजारी आता या आवाजाला सरावले होते, पण बाबांची सवय ती सवय.

"चला, गिरणी सुरू," ते म्हणाले.

लेकीच्या बँडला ते पहिल्या दिवसापासून गिरणीच म्हणत. त्यात गिटार होती, पण ती गिटारीसारखी वाजायची नाही. मधेच पंख्याची मोटर वाजायची, लोखंडी जिना वाजायचा, रिकामी टाकी वाजायची आणि या सगळ्यावर लेक जिवाच्या आकांताने ओरडायची. सुटी गाणी बरीच झाली होती, अख्खा अल्बम मात्र हा पहिलाच. त्याचं जाड काळं वेष्टन सकाळपासून आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवून झालं होतं. आत काय वाजतं, ते कोणी विचारू नये एवढीच बाबांची इच्छा होती.

आईलाही यातलं काही कधी आवडलं नव्हतं. आज ती कान देऊन ऐकत होती. आजारपणात तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, आणि या अल्बमच्या शेवटी तिचं एक वाक्य होतं. त्याआधी एकदा मागच्या खोलीत टेपवर रेकॉर्डिंग चालू असताना तिने दार उघडलं होतं आणि नेहमीसारखी म्हणाली होती, "अगं, घसा बसेल. पाणी पी आधी." सगळं वाया गेलं म्हणून लेक तेव्हा तिच्यावर खेकसली होती. नंतर ऐकून पाहिलं तर अख्ख्या अल्बममध्ये त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नव्हतं. ते तसंच ठेवलं. आई फोनवर निरोप ठेवणाऱ्यातली नव्हती. तिचा आवाज म्हणून कुठे राहिला असेल तर तेवढाच.

शेवटच्या गाण्यातला गोंगाट हळूहळू ओसरला आणि नुसती घरघर उरली. लेक आईच्या पायाशी येऊन बसली.

"आता तू आहेस हं, आई."

बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. खरं तर कोणीच बोलत नव्हतं.

घरघर चालली. चालतच राहिली. मग सुई शेवटच्या रेघेत जाऊन टकटक करायला लागली.

"पुढे असेल," बाबा म्हणाले.

"पुढे काही नसतं, बाबा."

लेकीने सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा घरघर, पुन्हा टकटक. बँडमधला ड्रम वाजवणाराही ऐकायला आला होता, तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळे घण्या म्हणत, आणि ती आईजवळ दवाखान्यात होती तेव्हा बँडचं सगळं तोच बघत होता.

"घण्या, छापायच्या आधी तू ऐकला होतास ना?"

"ऐकला की. घरघर सुरू झाली तेव्हा बंद केला. म्हटलं, पुढे तेच तर आहे..." बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं.

छापायच्या आधी टेप साफ करायला स्टुडिओत दिली होती; लेकीने गॅलरीत जाऊन त्या स्टुडिओवाल्याला फोन लावला. तिने फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. आत सगळं ऐकू येत होतं.

"अगदी सांभाळून साफ केलाय," तो खुशीत म्हणाला. "तुमची घरघर, खरखर, शिट्ट्या, कशालाही हात लावला नाही. मला माहीत आहे ना तुमचं! फक्त शेवटी कोणी बाई मधेच येऊन बोलली होती. तेवढी काढली."

"ती माझी आई होती."

"मग सांगायचंत ना. मला वाटलं, दार लावायचं राहिलं."

"टेप कुठाय?"

"पुसली. काम झालं की पुसून परत द्या, असं तुम्हीच म्हणता. तुमचा नियमच आहे ना तो?"

होता. काम झालं की मागे वळून ऐकायचं नाही, त्याच टेपवर पुन्हा नवं करायचं, हा नियम लेकीनेच केला होता आणि चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगितलाही होता.

"असेल कुठेतरी! बघा ना! नीट बघा!" ती ओरडायला लागली. अल्बमभर ओरडूनही तिचा आवाज असा लागला नव्हता. "पुसली म्हणजे काय? बघा ना!"

आत आईचा डावा हात हलला. उशाशी स्टुलावर पाण्याचा पेला होता. तिने तो कसाबसा उचलला आणि गॅलरीकडे धरला. पाणी हिंदकळून चादरीवर सांडलं.

"तहान लागली होय?" बाबा धावले. "अगं, सांगायचंस ना!"

त्यांनी पेला तिच्या हातातून काढून घेतला, मानेखाली हात घातला आणि पेला तिच्याच ओठांना लावला. आई मान हलवत राहिली. मग प्यायली.

बाहेर लेकीचा घसा बसत चालला होता.