अप्पांचा हातमोजा

मुलांनो, समजा, हातातलं कसब हातमोज्यात भरून ठेवता आलं तर? बुसानच्या दहा वर्षांच्या नारेने तसाच मोजा घातला होता. तिचे वडील व्हिडिओ गेमचे नावाजलेले खेळाडू. ते निवृत्त झाले, तेव्हा संघाने त्यांचं कसब त्यात उतरवून घेतलं होतं. आज एक सामना जिंकला, की त्याच संघात नारेची निवड होणार होती.

“अप्पा, बघा हं, जिंकतेच!” कोरियातही वडिलांना अप्पाच म्हणतात बरं का.

“आधी जिंक, मग मिरव.”

नारेची बोटं विजेसारखी पळू लागली. एकच चाल उरली, आणि तिच्या मनगटातून अशी कळ गेली की ती किंचाळलीच.

“मोजा बिघडलाय!”

संघाच्या प्रशिक्षकबाईंनी मोजा तपासला. “बिघडला नाही. ही कळसुद्धा तुझ्या अप्पांचीच आहे.”

नारेने वळून अप्पांकडे पाहिलं. जेवताना अप्पांच्या हातून चॉपस्टिक निसटली की ती ‘धांदरट अप्पा’ म्हणून खिदळायची.

“इतकं दुखायचं? मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं, तर संघाने खेळू दिलं नसतं गं.”

नारेने मोजा काढला. हार मानताना खेळाडू लिहितात ते ‘जीजी’ तिने स्वतःच्या बोटांनी लिहिलं, आणि ती अप्पांचं मनगट हळूहळू चोळू लागली.