ओडेसाची उडी

ओडेसाने आजही खोल बाजूलाच उडी मारली. धप्पकन आवाज झाला, काठावरच्या बायकांच्या अंगावर पाणी उडालं आणि शिकवणारी मुलगी नेहमीसारखी शिट्टी वाजवून रागावली. सत्तरीची ओडेसा पाण्याबाहेर डोकं काढून हसली आणि संथपणे पोहत निघाली. उथळ बाजूला दांडी घट्ट धरून उभी असलेली सुरेखा तिच्याकडे बघत राहिली. ही बाई पाण्यातच जन्मली असणार, असं तिला रोज वाटायचं.

सुरेखा पुण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती. २०१३ साली ती न्यूझीलंडमधल्या लोअर हटला मुलाकडे, मकरंदकडे, राहायला आली. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाण्यात चाललात तर पाय मोकळा होईल, नाही तर काठी कायमची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सुनेने वयस्कर बायकांच्या या वर्गात तिचं नाव घातलं, दुकानातून टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडेही आणून दिले. पण पाणी छातीला लागलं की सुरेखाचा जीव घाबरा व्हायचा. आज तर पाय घसरला, नाकातोंडात पाणी गेलं आणि दोघींनी तिला धरून बाहेर आणलं. झाली तेवढी शोभा पुरे, उद्यापासून यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

ओडेसा टॉवेल गुंडाळून तिच्या शेजारी बाकावर बसली. ती अमेरिकेच्या दक्षिणेतली, काळी. लेक इथली सून झाली, म्हणून म्हातारपणी इकडे आलेली. सुरेखाने तिला आपला निर्णय सांगितला. ओडेसाने समजूत घातली नाही. ती आपल्या गावाबद्दल सांगू लागली.

गावात पोहण्याचा तलाव एकच, नगरपालिकेचा, आणि तो फक्त गोऱ्यांचा. काळ्या मुलांनी उन्हाळाभर कुंपणाला नाक लावून बघायचं. ओडेसाची शाळा संपत आली होती, तेव्हा त्यांच्या चर्चमधल्या काही मुलामुलींनी ठरवलं, की मार खाऊ, उलट हात उगारायचा नाही, पण पाण्यात उतरायचंच. एका रविवारी प्रार्थना आटोपून ते चांगल्या कपड्यांतच फाटकातून आत शिरले. कुणी अडवायच्या आत ओडेसा सगळ्यांच्या पुढे धावली आणि खोल बाजूला तिने उडी टाकली. गोरी माणसं भराभर पाण्याबाहेर पळाली. तिला काढायला एका पोलिसाला गणवेशासकट पाण्यात उतरावं लागलं. मग तुरुंग झाला, खटला झाला, आणि एक दिवस ते फाटक सगळ्यांना उघडलं. पण तिच्या उडीच्या दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने काय केलं, तर सगळं पाणी सोडून दिलं आणि तलाव घासून घेतला.

"घासला?" सुरेखाने विचारलं.

इथल्या मराठी मंडळात कुणी माहेरच्या आडनावाची चौकशी सुरू केली, की सुरेखा विषय बदलायची. आज तिने कुणी न विचारताच सांगितलं. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी प्यायची, पण तिच्या माणसांना बंदी होती. बाबासाहेबांबरोबर तिथे गेलेल्यांत तिचे वडील होते, नुकतंच मिसरूड फुटलेले. ते ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यापायी त्यांनी डोक्यात काठी खाल्ली. नंतर गावाने शेण आणि गोमूत्र ओतून तळं शुद्ध करून घेतलं. ओडेसाने तिचा हात हातात घेतला.

"तुझे वडील धीराचे होते," ओडेसा म्हणाली.

"तूही तशीच. मी नाही त्यातली," सुरेखा म्हणाली. "आणि तुला निदान पोहता तरी येत होतं."

ओडेसाने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"पोहायला मी इथं येऊन शिकले, साठी उलटल्यावर," ती म्हणाली. "आमच्या गावात तलाव एकच होता, सुरेखा. शिकणार कुठं?"