खलातला आवाज

आमच्या प्रणालीचं लग्न झालं ते २०२२ साल. जावई अंकुश हिंगण्याच्या औषध कारखान्यात गोळ्या दाबायच्या मशीनवर होता. मी तिथंच, भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेत. माझं काम त्याच्या मशीनवरच्या गोळ्या खलात कुटायचं. ती पूड विरघळवून यंत्रात सोडली, की पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येई आणि गोळीत औषध किती आहे ते कळे.

दीक्षाभूमीची गर्दी ओसरली त्याच आठवड्यात, एका सकाळी, पहिलीच गोळी बत्त्याखाली हाड मोडल्यासारखी वाजली. भिंतीपलीकडे अंकुश ओरडला. मशीननं त्याचं बोट नेलं होतं.

पूड यंत्रात गेली. औषध बरोबर भरलं.

जखम सुकल्यावर अंकुश कामावर आला. त्या दिवशी मी गोळीवर बत्ता नुसता टेकवला, तर आतून बारीक करकर आली. मी हात काढून घेतला.

"काहून थांबले गा, काका?" प्रयोगशाळेचे साहेब चेतनसर, त्यांनी विचारलं.

"सर, आधी अंकुशले मशीनवरून उतरवा. हाड वाजून राहिलं."

सर हसले. "गोळ्या आहेत ह्या, तुमच्या जावयाची हाडं नाहीत!"

त्यांनी सगळ्या गोळ्या खलात ओतल्या, दोन्ही हातांनी बत्ता उचलला आणि हाणला. मी दाराकडे धावलो. मागे बत्ता थांबला नाही. भिंतीपलीकडची किंकाळी प्रत्येक घावाबरोबर पुन्हा फुटत होती.

त्याही पुडीत औषध बरोबर भरलं.

अंकुश नत्थू गेडाम त्याच दिवशी, २०२२च्या डिसेंबरात, पहिल्या पाळीत, मशीनमध्ये सापडून मेला.