वी डिडन्ट नो

“पुन्हा एकदा, सर. ‘वी डिडन्ट नो.’”

“वी डिडन्ट नो,” नंदन खासनीस म्हणाले आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं.

कॅनडात, ब्रॅम्पटनच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये आठवडाभर ही तालीम चालली होती. ट्रकच्या टपावरचा बर्फ खरवडणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. म्हणजे बनवलं त्यांच्याकडच्या इंजिनिअर कृतिकाने. खासनीस मागे उभे राहून “माहीतच होतं मला” म्हणायचे. अशा संशोधनाला सरकार टॅक्समध्ये सवलत देतं, पण अट मोठी गमतीची: काम सुरू करताना उत्तर माहीत नसलं पाहिजे. सवलत मिळाली तर कृतिकाची नोकरी टिकणार होती. नाहीतर शुक्रवार शेवटचा. आणि तिची पीआरची, म्हणजे या देशात कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल या नोकरीवरच उभी होती.

अडचण एवढीच, की खासनीसांना “माहीत नाही” म्हणताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं. रस्ता चुकले तरी “मुद्दाम इकडून आणलं” म्हणणारा माणूस! इंग्रजीत मात्र ते वाक्य त्यांना एकदाचं जमलं. परकी भाषा, परकी लाज.

सकाळी दहाला टॅक्सखात्याच्या तपासनीस बाई आल्या. बुटांचा बर्फ झटकला, यंत्र पाहिलं, कृतिकाची वही चाळली. थंडीत मोडलेली अकरा पाती, सगळी तारीखवार. बाई खूश दिसल्या. मग टेबलावरची पाटी वाचून एकदम हसल्या.

“खासनीस? अहो, मी टिर्झा नवगावकर! आम्ही अलिबागकडचे. मराठीतच बोलू या की!”

तालीम तर सगळी इंग्रजीत झाली होती!

“वा वा! बसा, बसा!” खासनीस फुलले.

“मला सांगा, पाती का मोडतात हे सुरुवातीला तुम्हाला माहीत नव्हतं ना?”

उत्तर ताटात वाढून दिलं होतं. नुसतं “नव्हतं” म्हणायचं.

“मला?” खासनीसांनी छाती काढली. “अहो बाई, तीस वर्षं या धंद्यात आहे! पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. या पोरीला जरा शिकू दिलं, एवढंच.”

“सर!” कृतिका ओरडलीच.

“तू मध्ये बोलू नकोस गं.”

टिर्झाबाईंनी पेन उघडलं. “मग हे संशोधन होत नाही, साहेब. तुमच्या तोंडचं उत्तर म्हणून असंच लिहू?”

“बिनधास्त लिहा!”

त्यांनी लिहिलं. जाताना कृतिकाच्या खांद्यावर हात ठेवला.

दार लागलं. कृतिकाने जॅकेट चढवलं. रागाने तिला चेन लावता येईना.

“दोन वर्षं मरमर केली मी, सर. तुमच्या एका तोऱ्यात गेली सगळी. आता उद्या गिऱ्हाईक येईल, तेव्हा बारावं पातं का टिकलं ते तुम्हीच सांगा. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे ना?”

खासनीसांनी यंत्राकडे पाहिलं. पात्याला बोट लावून पाहिलं.

“मला नाही गं माहीत,” ते म्हणाले. चक्क मराठीत.

टिर्झाबाईंची गाडी तोवर हायवेला लागली होती.