शेवटचं मेंढरू

दुधात कुस्करलेली भाकरी मेंढवाड्याच्या दारात तशीच पडली होती. म्हातारा कुत्रा ढाण्या त्या रिकाम्या वाड्याभोवती थरथरत घिरट्या घालत होता.

"दात गेलं त्याचं, आये. आता भूकबी गेली," लेक म्हणाला.

पण शेवटचं मेंढरू आत आल्याशिवाय ढाण्यानं कधी घास घेतला नव्हता, हे मायाक्काला ठाऊक होतं. आणि मेंढरं तर गेल्याच महिन्यात विकली होती.

तिनं खुंटीवरची मेंढराच्या गळ्यातली घंटा काढली, सोनेरी धुळीतून माळावर लांब गेली आणि घंटा वाजवत सावकाश परतली. ढाण्या लंगडत सामोरा गेला. तिच्या पोटऱ्यांना नाकानं ढोसत त्यानं तिला मेंढवाड्यात घातलं. मग दारात आडवा पडून शांतपणे भाकरी चाटून-पुसून खाल्ली.

"आये, भाईर ये की."

"गप रं," आतून मायाक्का कुजबुजली, "मेंढरं निजल्यात."