आठ रंग

१९८६ सालातला रविवार, दुपारी शाळा बंद होती. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर भीमाप्पांनी चपला काढल्या, मग डोक्यावरची टोपीही काढून खिशात घातली. लेक अक्काताई बेळगावच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते हे ते निपाणीभर सांगत हिंडले होते, पण आत पाऊल आज पहिल्यांदाच पडत होतं.

अक्काताईच्या आईला, गंगव्वाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन, तिच्या स्मरणाचा कार्यक्रम. भिंतीवर लावायला फोटो हवा, आणि तिचा फोटो जन्मात एकच. तंबाखूच्या वखारीच्या मालकाच्या लेकीची वरात, मधोमध घोड्यावर नवरदेव, आणि पार कडेला डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली गंगव्वा. रंगीत फोटो, पण चेहरा डाळीच्या दाण्याएवढा. मोठा केला तर नुसता धुरळा येईल, म्हणून फोटोवाल्यानं हात झटकले होते.

मग अक्काताई हट्टाला पेटली. भिंगाखाली धरून तेवढ्याच भागावर तिनं बारीक घरं आखली, घराघराला रंगाचा आकडा दिला. एकवीस दिवस लागले. ते आकडे बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या प्रोग्रामात भरले. एका घराची चार घरं करायची, चाराची सोळा. यंत्राला काय, सांगाल तेवढं वाढवतं. जमलं तर पडद्याचाच फोटो काढून फ्रेम करायची होती.

तिनं बटण दाबलं. कोपऱ्यात तिकिटाएवढं चित्र उमटलं, मग वाढत वाढत पडदाभर झालं.

भीमाप्पा खुर्ची सोडून पुढं आले. बराच वेळ शोधत राहिले.

“डोळं कुठं हाईत गं?”

“ही दोन काळी घरं. खाली बघत होती ना.”

“एवढं मोठं केलंस, आनी दोनच घरं?”

“फोटोत होतं तेवढंच वाढतं, आप्पा. नसलेलं कुठनं आणायचं?”

त्यांनी मान डोलावली. ते पटलं असावं. मग बोट पडद्याला लागणार नाही अशा बेतानं गालापाशी नेलं.

“आनी ही पिवळी कोन?”

यंत्राला आठच रंग येतात, आपल्या कातडीचा त्यात नाही, असं अक्काताईनं समजावलं. लाल घातला तर भाजल्यागत दिसतं, निळा-हिरवा तर नकोच. शून्य म्हणजे काळा, हे मात्र ती बोलली नाही. गालांची घरं भरताना एकवीस दिवस तिची पेन्सिल त्या आकड्याला वळसा घालून गेली होती.

“मालकीणबाई दिसाय लागलीया,” भीमाप्पा म्हणाले. “तुझी आई काळी हुती, ताई. काळी कर.”

एकच ओळ बदलायची होती. पिवळ्याच्या जागी काळा. अक्काताईनं ती बदलली आणि पुन्हा बटण दाबलं.

चित्र वाढत गेलं. वर बत्तीचा पांढराफेक उजेड आला, खाली खांद्यावरचा हिरवा पदर आला. मध्ये काहीच आलं नाही. मागची रात्र काळी, चेहरा काळा. एकात एक मिसळून गेलं.

अक्काताईचा हात घाईघाईनं पुन्हा बटणांकडे गेला. भीमाप्पांनी तो धरला.

“ऱ्हाऊ दे. वरातीत ती अशीच दिसायची. मी मागंच हुतो की, दुसरी बत्ती घिऊन.”